मीटर, त्यांची चिन्हं आणि डायलवरची बारीक अक्षरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मी गेली अनेक वर्षं कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं काम करतो. सातपूरच्या आयटीआयमधून दरवर्षी शिकाऊ मुलंमुली येतात आणि पहिल्या महिन्यात ठरावीक प्रश्न विचारतात. सुट्टीत निफाडला गेलो की मामा स्टार्टरच्या पेटीसमोर उभं करून त्याच धाटणीचं काहीतरी विचारतात. शेजारची बारावीतली मुलगी प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री वही घेऊन येते. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं आणि विजेच्या कामात विसरणं महागात पडतं, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतो आहे. आकृतीतली इंग्रजी अक्षरं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत: ए, व्ही, डब्ल्यू अशी.

आकृतीत सगळेच मीटर गोल दिसतात. ओळखायचे कसे?

आतल्या अक्षरावरून. गोलात 'ए' असेल तर अ‍ॅमीटर, 'व्ही' असेल तर व्होल्टमीटर, 'डब्ल्यू' म्हणजे वॉटमीटर, 'एचझेड' म्हणजे फ्रिक्वेन्सी मीटर, 'कॉस फाय' म्हणजे पॉवर फॅक्टर मीटर, ओमेगा म्हणजे ओहममीटर. 'जी' म्हणजे गॅल्व्हानोमीटर. काही आकृत्यांत अक्षराऐवजी गोलात नुसता वर तोंड केलेला बाण असतो, तोही गॅल्व्हानोमीटरच.

आकारालाही अर्थ आहे, आणि तो बहुतेकांना कुणी सांगितलेलाच नसतो. आयईसी ६०६१७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे गोल म्हणजे त्या क्षणाचं माप दाखवणारा मीटर. साधा चौकोन म्हणजे नोंद ठेवणारा, म्हणजे रेकॉर्डर. पूर्वी कागदाच्या पट्टीवर शाईनं रेघ ओढायचे, ते. डोक्यावर आडवी पट्टी असलेला चौकोन म्हणजे बेरीज करत जाणारा. घराबाहेरचा विजेचा मीटर या तिसऱ्या जातीचा, म्हणून त्याच्या चौकोनात 'डब्ल्यूएच' लिहितात.

अक्षराच्या आधी लहान 'एम' असेल तर मिली, मोठा 'एम' असेल तर मेगा. हस्ताक्षर गचाळ असेल तर इथे घोळ होतो, आणि मिली व मेगा यांच्यात शंभर कोटी पटींचा फरक आहे. आमच्याकडे ड्रॉइंगवर या एका अक्षरासाठी मी मुलांना पान पुन्हा काढायला लावतो.

अ‍ॅमीटर सिरीजमध्ये आणि व्होल्टमीटर पॅरललमध्येच का?

निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडच्या कुणालाही हे द्राक्षबागेतल्या ठिबकच्या फिल्टरवरून लगेच समजतं. किती पाणी गेलं हे मोजायचं असेल तर पाइप कापून मध्ये वॉटर मीटर बसवावा लागतो. सगळं पाणी त्याच्यातूनच जायला हवं. पण प्रेशर बघायला पाइप कापत नाही. सँड फिल्टरच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक गेज लावतो, आणि दोन्हींतल्या फरकावरून फिल्टर तुंबलाय का ते कळतं. गेजमधून पाणी वाहत नाही, ते फक्त दाब सोसतं.

अ‍ॅमीटर हा वॉटर मीटर. करंट त्याच्यातून जाणार, म्हणून त्याचा स्वतःचा रोध अगदी नगण्य ठेवलेला असतो. नाहीतर तोच करंट अडवायचा. व्होल्टमीटर ही ती दोन गेजं. लोडच्या दोन टोकांना तो बाहेरून टेकतो, म्हणून त्याचा रोध भरपूर मोठा असतो. नाहीतर करंट लोड सोडून त्याच्यातूनच पळाला असता. आकृतीत 'ए'चा गोल रेघेच्या मध्ये ओवलेला दिसतो आणि 'व्ही'चा गोल बाजूनं फांदी काढून लावलेला दिसतो, त्याचं कारण एवढंच.

आणि उलटं जोडलं तर?

व्होल्टमीटर चुकून सिरीजमध्ये लागला तर सहसा काही जळत नाही. दिवा लागत नाही, मोटर फिरत नाही आणि मीटर जवळजवळ पूर्ण सप्लाय व्होल्टेज दाखवत बसतो. चूक सापडते, सुधारता येते.

अ‍ॅमीटर सप्लायला पॅरलल लागला तर तो शॉर्टसर्किटच आहे. हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. कामाला लागून तिसराच महिना होता. मल्टिमीटरनं एका मोटरचा करंट पाहिला, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात तशीच राहिली, आणि दुपारनंतर त्याच मीटरनं पॅनेलमधलं व्होल्टेज बघायला गेलो. चकती मी व्होल्टवर फिरवली होती. पण चकती फिरवल्यानं वायरीचं भोक बदलत नाही! प्रोब दोन फेजना टेकले आणि निळा जाळ झाला. प्रोबची टोकं वितळून बसबारला, म्हणजे पॅनेलमधल्या करंट वाहणाऱ्या जाड पट्टीला, चिकटली, उजव्या हाताच्या दोन बोटांची कातडी गेली. हातमोजे नव्हते. त्या दिवसापासून माझा एक नेम आहे: करंट मोजून झाला की, मीटर खाली ठेवण्याआधी, लाल वायर व्होल्टच्या भोकात परत. मुलांनाही पहिल्या दिवशी हेच करायला लावतो, बाकी सगळं नंतर.

गॅल्व्हानोमीटर आणि अ‍ॅमीटर यांत फरक काय?

गॅल्व्हानोमीटर हे मूळ यंत्र, बाकीचे त्याचे अवतार. १८२० साली ओर्स्टेडनं पाहिलं की तारेतून करंट गेला की शेजारची होकायंत्राची सुई हलते. १८८२ मध्ये दार्सोनव्हालनं चुंबकाच्या मध्ये फिरणाऱ्या कॉइलचं गॅल्व्हानोमीटर बांधलं आणि १८८८ च्या सुमारास एडवर्ड वेस्टननं ते उचलून नेता येईल, भरवसा ठेवता येईल असं केलं. आजही काट्याच्या डीसी मीटरमध्ये तीच रचना आहे.

गॅल्व्हानोमीटरचा शून्य मधोमध असतो, कारण करंट आहे का आणि कुठल्या दिशेनं आहे, एवढंच त्याला सांगायचं असतं. व्हीटस्टन ब्रिजमध्ये, म्हणजे अनोळखी रोध मोजायच्या जोडणीत, तर काटा मधल्या शून्यावर आणणं हेच सगळं काम. (ब्रिजची कल्पना सॅम्युअल हंटर ख्रिस्टीची, १८३३ ची. व्हीटस्टननं १८४३ मध्ये ती लोकांपुढे आणली, आणि नाव त्याचं लागलं.)

बारावीवाल्यांना गणित लागतं, ते असं. गॅल्व्हानोमीटरचा रोध १०० ओहम आणि १ मिलीअँपिअरला काटा शेवटपर्यंत जातो, असं धरा. त्याचा १० व्होल्टचा व्होल्टमीटर करायचा आहे. १० भागिले ०.००१ म्हणजे एकूण १०,००० ओहम हवेत; १०० आधीच आहेत, म्हणून ९,९०० ओहम सिरीजमध्ये. त्याचाच १ अँपिअरचा अ‍ॅमीटर करायचा तर उरलेले ९९९ मिलीअँपिअर बाजूनं न्यायला हवेत: शंट, म्हणजे करंटला बाजूची वाट देणारा रोध, साधारण ०.१ ओहमचा, पॅरललमध्ये. म्हणजे मीटर स्वतः सर्किटला पॅरलल लागतो तेव्हा त्याच्या पोटातला रोध सिरीजमध्ये, आणि स्वतः सिरीजमध्ये लागतो तेव्हा पोटातला पॅरललमध्ये. परीक्षेत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

डायलच्या तळाशी कोपऱ्यात बारीक चिन्हं असतात. ती कंपनीची असतात का?

नाही. मीटरची खरी ओळख तिथेच छापलेली असते, आणि रीडिंग घेण्याआधी ती वाचावी असं माझं ठाम मत आहे. हे लिहिताना ९६ मिलिमीटर चौकोनी पॅनेल मीटर समोर ठेवला आहे. ० ते ५०० व्होल्टचा आहे. पांढऱ्या डायलच्या तळाशी, भिंगातून बघावी लागेल अशी एक ओळ आहे. ती डावीकडून वाचतो.

आधी नागमोडी लहर: फक्त एसीसाठी. सरळ रेघ असती तर डीसी, सरळ रेघ आणि लहर दोन्ही असती तर दोन्हींसाठी. पुढे कॉइलच्या वळणांजवळ उभी जाड रेघ काढली आहे, म्हणजे मूव्हिंग आयर्न: आत लोखंडाची पट्टी फिरते. तिथे घोड्याच्या नालासारखं चुंबक काढलेलं असतं तर तो मूव्हिंग कॉइलचा, फक्त डीसीचा. नाल आणि शेजारी डायोडचा त्रिकोण असेल तर आत रेक्टिफायर बसवून तोच मीटर एसीला चालवला आहे. मग १.५ हा आकडा: अचूकतेचा वर्ग. मग आडव्या रेघेवर उभी रेघ: मीटर उभा बसवायचा. टेबलावर आडवा ठेवायच्या मीटरवर वेगळं चिन्ह असतं, आणि तिरक्या पॅनेलचा असेल तर कोनाच्या चिन्हासोबत अंश लिहिलेले असतात. मग चांदणीत २: आतल्या भागांचं बाहेरच्या खोक्यापासूनचं इन्सुलेशन २ किलोव्होल्टला तपासलं आहे. नुसती चांदणी म्हणजे ५०० व्होल्ट. शेवटी आयएस १२४८, म्हणजे काट्याच्या मीटरांचं भारतीय मानक.

नालवाला मीटर एसीला लावला तर काटा शून्यावरच थरथरतो आणि माणसाला वाटतं सप्लाय नाही. एक बारीक चिन्ह न वाचल्यामुळे जिवंत वायरला हात लागू शकतो.

आणखी एक ओळखायची खूण: मूव्हिंग कॉइलच्या डायलवर आकडे सारख्या अंतरावर असतात, मूव्हिंग आयर्नच्या डायलवर सुरुवातीला एकमेकांत दाटलेले.

१.५ क्लास म्हणजे दीड टक्का चूक ना? मग ठीकच आहे की.

दीड टक्का, पण कशाचा? रीडिंगचा नव्हे, पूर्ण स्केलचा. ५०० व्होल्टच्या मीटरवर दीड टक्का म्हणजे साडेसात व्होल्ट, आणि काटा कुठेही असो, तेवढा फरक चालतो असं बनवणारा सांगतो आहे. ४१५ वाचताना साडेसात म्हणजे दोन टक्क्यांच्याही आत. त्याच मीटरवर १०० वाचलं तर साडेसात टक्के. म्हणून मीटर निवडताना नेहमीचं रीडिंग स्केलच्या वरच्या दोन तृतीयांश भागात येईल असा घ्यावा. 'मोठा घेतला की जळत नाही' म्हणून ७ अँपिअरच्या मोटरला १०० अँपिअरचा मीटर लावलेला मी पाहिला आहे. तो जळत नाही हे खरं, पण काही सांगतही नाही.

मोटर चालू करताना स्टार्टरच्या पेटीवरच्या अ‍ॅमीटरचा काटा टोकाला जाऊन आपटतो. मीटर बिघडला का?

नाही मामा, मीटर ठणठणीत आहे. डायरेक्ट स्टार्टरवर मोटर सुरू होताना पूर्ण लोडच्या सहा-सात पट करंट क्षणभर ओढते. मोटरसाठी बनवलेल्या चांगल्या अ‍ॅमीटरचं डायल त्यासाठीच वेगळं असतं: कामाचा भाग मोकळा पसरलेला, आणि शेवटच्या इंचभरात सहा पटींपर्यंतचे आकडे कोंबलेले. काटा त्या दाटीत जाऊन लगेच परत येतो, तेव्हा मोटर नीट उचलली असं समजायचं. तिथेच अडकून राहिला तर पटकन बंद करायची.

५ एचपीची थ्री फेज मोटर पूर्ण लोडला साधारण ७ ते साडेसात अँपिअर घेते. तुमच्या मोटरचा नेमका आकडा तिच्या पाटीवर असतो, तो डायलच्या काचेवर मार्करनं रेघ मारून ठेवा. मी घरच्या चारही पेट्यांवर मारली आहे. काटा रेघेच्या बराच खाली आला तर विहिरीतलं पाणी तुटलंय किंवा पंपानं हवा धरलीय. रेघेच्या वर गेला तर पंप जाम आहे, बेअरिंग धरलंय किंवा व्होल्टेज पडलंय; व्होल्टेज पडलं की तेवढंच पाणी उचलायला मोटर जास्त करंट ओढते. व्होल्टमीटर ३५० च्या खाली असेल तर मोटर चालवू नका, रात्रीची पाळी वाया गेली तरी चालेल. वायंडिंग भरण्याचा खर्च त्याहून मोठा आहे.

एक फेज गेली तर? पेटीवर बहुतेक वेळा एकाच फेजमध्ये एक अ‍ॅमीटर असतो. गेलेली फेज नेमकी तीच असेल तर काटा शून्यावर येईल. दुसरी असेल तर करंट पावणेदोन पटीच्या आसपास चढेल. मोटर दोन्ही वेळी घुंई-घुंई करत फिरतच राहते आणि जळते. म्हणून काट्याच्या भरवशावर न राहता एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावाच.

मल्टिमीटरच्या चकतीवरची चिन्हं कशी वाचायची?

'व्ही'वर लहर म्हणजे एसी व्होल्ट. 'व्ही'वर सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ म्हणजे डीसी व्होल्ट. ओमेगा म्हणजे रोध. त्रिकोणाच्या टोकाला आडवी रेघ म्हणजे डायोड. बाहेर पसरणाऱ्या अर्धगोल लहरी म्हणजे कंटिन्युइटीचा बझर. दोन समांतर रेघा म्हणजे कपॅसिटर. एकात एक दोन चौकोन म्हणजे दुहेरी इन्सुलेशन. त्रिकोणात उद्गारचिन्ह म्हणजे आधी माहितीपत्रक वाचा. काळी वायर कायम 'कॉम'च्या भोकात. ओहम, डायोड आणि बझर यांसाठी सप्लाय बंदच हवा.

काट्याच्या जुन्या मीटरला आजही काही जुने वायरमन 'अ‍ॅव्हो' म्हणतात. ती अँपिअर, व्होल्ट, ओहम यांची आद्याक्षरं. डोनाल्ड मॅकॅडी या ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या अभियंत्याला तीन वेगवेगळी यंत्रं बाळगायचा कंटाळा आला, त्यातून १९२३ मध्ये तो मीटर बाजारात आला.

मीटरवर 'कॅट तीन ६०० व्होल्ट' लिहिलंय. दोनशे रुपयांच्या मीटरवर १००० व्होल्ट आहे, मग तो जास्त चांगला नाही का?

नुसत्या व्होल्टच्या आकड्यावर जाऊ नका. लाइनवर वीज पडली किंवा मोठं स्विचिंग झालं की क्षणभर हजारो व्होल्टचा उसळा येतो. तो मीटरनं सोसला तर हात शाबूत. मीटर कुठे वापरायचा हे कॅट सांगतो: कॅट दोन घरातल्या सॉकेटवरच्या उपकरणांसाठी, कॅट तीन इमारतीतल्या पॅनेल आणि वायरिंगसाठी, कॅट चार खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायर आणि मीटरच्या ठिकाणासाठी. स्वस्त मीटरवरचा १००० हा आकडा मोजण्याची मर्यादा सांगतो, उसळा सोसण्याची नव्हे. बॅटरी आणि सर्किट बोर्डसाठी तो मीटर खुशाल वापरा. थ्री फेज पॅनेलमध्ये तो घेऊन येणाऱ्या मुलाला मी दारातूनच परत पाठवतो.

तार दोन्हीकडून सुटलेली आहे, तरी डिजिटल मीटर ८० व्होल्ट दाखवतो. कुठून येतात?

शेजारच्या जिवंत तारेतून. एकाच पाइपमधून लांबवर शेजारी शेजारी गेलेल्या दोन तारा म्हणजे एक छोटा कपॅसिटरच. डिजिटल मीटरचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो, त्यामुळे तो एवढासा गळणारा करंटही व्होल्टेज म्हणून दाखवतो. त्यात ताकद काहीच नसते. टेस्ट लॅम्प लावून बघा. तो लागणार नाही आणि रीडिंग कोसळेल. काट्याचा कमी रोधाचा मीटरही यातलं बरंचसं व्होल्टेज दाखवत नाही.

टाँग टेस्टर (तार जबड्यात धरून करंट मोजणारा मीटर) केबलला लावला, मोटर चालू आहे, तरी शून्य?

पूर्ण केबल जबड्यात घेतली आहे. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांचं चुंबकत्व पुसून टाकतात. एकच तार वेगळी काढून जबड्यात घ्या. करंट फार कमी असेल तर त्या तारेचे जबड्याभोवती १० वेढे द्या आणि रीडिंगला १० नं भागा. छतावरच्या सोलर पॅनेलच्या वायरी मोजायच्या असतील तर डीसी मोजणारा टाँग टेस्टर लागतो. साधा फक्त एसी जाणतो.

सीटी म्हणजे काय, आणि 'सीटी उघडी ठेवू नका' असं सगळे ओरडून का सांगतात?

२०० अँपिअर थेट पॅनेलच्या दारावरच्या मीटरपर्यंत आणता येत नाहीत. म्हणून बसबारभोवती करंट ट्रान्सफॉर्मर बसवतात. आकृतीत तो जाड रेघेवर ओवलेल्या कड्यासारखा दिसतो आणि कड्यातून दोन वायरी निघतात. २००/५ लिहिलेलं असेल तर मुख्य तारेत २०० वाहताना या वायरींत ५ वाहतात. अ‍ॅमीटर खरा ५ अँपिअरचाच असतो, डायल मात्र २०० पर्यंत छापलेलं असतं. म्हणून मीटर बदलताना डायलवर 'सीटी २००/५' आणि सीटीवरचा आकडा एकच आहे ना, हे पाहायचं. वेगळा निघाला तर रीडिंग गुपचूप चुकत राहतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता उघडं ठेवण्याचं. मुख्य तारेतला करंट सीटीला विचारून वाहत नाही, तो लोडनुसार वाहतोच. सेकंडरी जोडलेली असेल तोवर तिच्यातला करंट गाभ्यातलं चुंबकत्व खाली दाबून ठेवतो. सेकंडरी उघडली की ते दाबणारं कुणी उरत नाही, गाभा चुंबकत्वानं भरून जातो आणि उघड्या टोकांवर शेकडो, कधी हजारो व्होल्ट उभे राहतात. एका कारखान्यात चालू पॅनेलमधला खराब अ‍ॅमीटर बदलायला एकानं 'एस१'ची वायर सोडवली. आधी घूं असा आवाज आला, मग टर्मिनलवर ठिणग्या, मग सीटीच्या टेपचा जळका वास. माणूस वाचला कारण त्याचा हात नुकताच बाहेर आला होता.

रीत अशी: आधी 'एस१' आणि 'एस२' टर्मिनलवरच्या लिंकनं शॉर्ट करा, मग मीटर सोडवा, नवा लावा, सगळ्यात शेवटी लिंक काढा. सीटीच्या वायरीत फ्यूज कधीही घालू नका. पीटीचं, म्हणजे व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरचं, बरोबर उलटं: तिथे फ्यूज हवा आणि सेकंडरी शॉर्ट होता कामा नये.

वॉटमीटरला चार टर्मिनल का?

कारण त्याच्या आत अ‍ॅमीटर आणि व्होल्टमीटर दोन्ही राहतात. 'एम' आणि 'एल' करंट कॉइलचे: मेन्स आणि लोड. 'सी' आणि 'व्ही' प्रेशर कॉइलचे: कॉमन आणि व्होल्टेज. थ्री फेजला दोन वॉटमीटर पुरतात, दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण पॉवर. पॉवर फॅक्टर ०.५ झाला की एक वॉटमीटर शून्यावर येतो आणि त्याहून खाली गेला की उलटा जातो. तेव्हा मीटरला दोष न देता कॉइलची टोकं बदलून ते रीडिंग वजा धरायचं.

वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये 'फास्ट' आणि 'स्लो' लिहिलेला, गोल फिरणाऱ्या काट्याचा मीटर पाहिला. तो कशाचा?

सिंक्रोस्कोप. एकलहऱ्यातल्या २१० मेगावॉटच्या संचासारखं जनित्र ग्रिडला जोडण्याआधी त्याचं व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि फेज ग्रिडशी जुळवावी लागते. काटा हळू फिरत बाराच्या जागी आला की ब्रेकर टाकतात.

घरच्या मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो. त्यावरून काही कळतं का?

बरंच. दिव्याजवळ 'इम्प' आणि 'केडब्ल्यूएच' असा मजकूर असतो, समजा ३२०० लिहिलंय. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फक्त १००० वॉटची इस्त्री किंवा गिझर चालू ठेवा आणि घड्याळ लावून मोजा. मिनिटाला साधारण ५३ वेळा लुकलुकायला हवा. इस्त्री मध्येच आपोआप बंद होते, म्हणून तिचा दिवा चालू आहे तेवढ्यातच मोजा. मीटर पळतोय अशी शंका असेल तर तक्रार करण्याआधी हे करून पाहा. आणि सगळं बंद असतानाही लुकलुकत असेल तर घरात कुठेतरी काहीतरी चालू आहे किंवा गळती आहे.

मेगर आणि ओहममीटर एकच का?

दोन्ही रोधच मोजतात, पण ओहममीटर एक-दोन बॅटऱ्यांवर आणि मेगर ५०० किंवा १००० व्होल्टवर. इन्सुलेशनची कमजोरी कमी व्होल्टेजला बाहेर येतच नाही. (मेगर हे मुळात एका कंपनीच्या यंत्राचं व्यापारी नाव, मराठीत ते क्रियेचंच नाव होऊन बसलं: 'मोटरला मेगर मारला का?') ४१५ व्होल्टच्या मोटरला ५०० व्होल्टचा मेगर लावतात. वायंडिंग आणि बॉडी यांच्यात निदान १ मेगओहम तरी हवा. चांगली कोरडी मोटर त्याच्या कित्येक पट दाखवते. इगतपुरीकडच्या पावसात महिनाभर बंद पडलेली मोटर वाळवल्याशिवाय आणि मेगर मारल्याशिवाय चालू करू नये. मेगर मारताना सप्लाय तोडलेला हवा, इलेक्ट्रॉनिक वस्तू सोडवलेल्या हव्यात, आणि झाल्यावर वायंडिंग अर्थला टेकवून मोकळं करायचं, कारण लांब केबल चार्ज धरून ठेवते.

अर्थिंग दरवर्षी का मोजायचं? एकदा खड्डा केला की झालं ना?

आपल्याकडे हात-दोन हात काळी माती, मग मुरूम आणि खाली काळा बेसॉल्ट. पावसाळ्यात ओल असते तेव्हा अर्थ टेस्टर छान आकडा दाखवतो, आणि एप्रिल-मेमध्ये तोच खड्डा कित्येक पट वाईट निघतो. म्हणून मोजायचं ते कडक उन्हाळ्यात. आकृतीत अर्थचं चिन्ह उभ्या रेघेखाली लहान होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघांचं. ते गोलात असेल तर सुरक्षेचा अर्थ.

पुस्तकात रोध वाकडातिकडा आणि कंपनीच्या ड्रॉइंगवर चौकोनी. कुठला बरोबर?

दोन्ही. दातेरी रेघ अमेरिकी पद्धतीची, लांबट चौकोन आयईसीचा. परीक्षेत तुमच्या पुस्तकातला काढा. कामावर ड्रॉइंगच्या पहिल्या पानावर चिन्हांची यादी असते, ती वाचल्याशिवाय पुढचं पान उलटू नका.

मीटरनं शून्य दाखवलं, म्हणजे सप्लाय बंद आहे असं धरून हात घालायचा का?

नाही. शून्य दाखवायला मीटरला बरीच कारणं पुरतात: आतला फ्यूज गेला, प्रोबची वायर इन्सुलेशनच्या आत तुटली, बॅटरी उतरली, चकती डीसीवर राहिली. आधी जिथे सप्लाय नक्की आहे अशा ठिकाणी मीटर टेकवा, २३० दिसू द्या. मग कामाच्या ठिकाणी मोजा: प्रत्येक फेज न्यूट्रलशी, प्रत्येक फेज अर्थशी आणि फेज एकमेकींशी. मग पुन्हा पहिल्या ठिकाणी जाऊन २३० दिसतात का बघा. तिन्ही वेळा बरोबर आलं, ब्रेकरला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली, की मग पॅनेलमध्ये हात.